दहा मीटर एअर रायफल जोडताना कुठली टूल्स घ्यायची आणि कुठल्या क्रमाने काय कसायचं

नवीन मॅच एअर रायफल केसमधून काढली म्हणजे ती लगेच शूट करायला तयार असते असं बऱ्याच पालकांना वाटतं, पण तसं नसतं. बॅरल आणि ॲक्शन (पेलेट म्हणजे छर्रा भरायची आणि सोडायची यंत्रणा) स्टॉकमध्ये, म्हणजे रायफलच्या सांगाड्यात, बसवून आलेली असते, बाकी नेम धरायची मागची साइट, पुढची साइट, बट प्लेट (खांद्याला टेकते ती), चीक पीस (गाल टेकतो तो), हँड रेस्ट (पुढच्या हाताचा आधार), वजनं, दाबाखालच्या हवेचा सिलिंडर हे सगळं आपल्याला लावायचं असतं आणि मुलाच्या अंगाप्रमाणे सेट करायचं असतं. २०२२ ला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोमध्ये याच इव्हेंटचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, मग २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ आणलं (त्याचा इव्हेंट ५० मीटर थ्री पोझिशन, रायफल पॉइंट टू टूची, पण स्क्रू कसायची शिस्त दोन्हीकडे तीच), आणि आमच्याकडे क्लबमध्ये पोरांची गर्दी झाली. रायफली पण आल्या. आणि घरी कुठल्यातरी खोक्यातली ॲलन की घेऊन केलेली जोडणी पण आली. म्हणून हे लिहितोय.

आधी एक घडलेलं सांगतो कारण बाकीचं सगळं त्यावरूनच कळेल. आमच्या क्लबमधली एक मुलगी, साठ शॉटला (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९) ६१२ ते ६१५ च्या आसपास नियमित मारणारी, अचानक ६०६ वर आली. ग्रुप (शॉट पडतात तो पुंजका) कधी उजवीकडे कधी खाली, काही पॅटर्नच नाही. तीन आठवडे आम्ही तिची पोझिशन बदलत बसलो, कोपर आत घे, पाय थोडा उघड, डोकं सरळ कर, आणि ती बिचारी रोज जास्तच खचत गेली. शेवटी एकदा मागची साइट हातात धरून हलवली तर हलली! म्हणजे डोळ्याला दिसत नव्हतं, पण बोटाला कळलं. क्लॅम्पचा स्क्रू ढिला होता. आणि वाईट म्हणजे दर आठवड्याला तो "तपासला" जात होता. क्लबच्या सेटमधली की इंचाची होती, स्क्रू अडीच मिमीचा, त्यामुळे भोकाच्या कडा गोल झाल्या होत्या, की भोकात अडकायची, हाताला वाटायचं घट्ट आहे, पण स्क्रूपर्यंत काही पोचतच नव्हतं. ती की त्या सेटमध्ये मीच ठेवली होती. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो, स्कोअर पडला की आधी रायफलचे स्क्रू, मग मुलाची पोझिशन. उलटं कधीच नाही.

हे इतकं महत्त्वाचं का ते आकड्यात बघा. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ७० सेंमी धरा, टार्गेट १० मीटरवर. मागची साइट ०.१ मिमी सरकली, म्हणजे केसाच्या जाडीएवढी, की टार्गेटवर शॉट जवळजवळ १.४ मिमी सरकतो. या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिमीचा असतो आणि एका रिंगपासून दुसरी रिंग अडीच मिमीवर, म्हणजे १.४ मिमीला अर्ध्या पॉइंटपेक्षा जास्त गेला. १०.९ चा शॉट १०.३ होतो, आणि मूल म्हणतं माझा होल्ड (रायफल स्थिर धरणं) चुकला.

आता टूल्स. फार लागत नाहीत, पण जी लागतात ती चांगलीच घ्या, इथे पैसे वाचवू नका.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे मिमीचा ॲलन की सेट. २, २.५, ३, ४, ५ एवढ्या साइझमध्ये बहुतेक रायफलींचं काम होतं, दीडची एखादी बारीक स्क्रूसाठी. पुण्यात बोहरी आळी किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलात तर दुकानदाराला स्पष्ट सांगा की मिमीच पाहिजे, कारण इंच-मिमी मिसळलेले सेट सर्रास मिळतात आणि गडबड तिथेच होते. पाऊण सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) की म्हणजे २.३८ मिमी, ती अडीचच्या भोकात आरामात जाते आणि कडा खाते. एक सुताची ३.१७ मिमी भरते, ती तीनच्या भोकात जातच नाही, त्यामुळे तिथे निदान फसवणूक होत नाही. पण पाच चौसष्टांश इंचाची १.९८ मिमी, दोनच्या भोकात इतकी जवळपास बसते की डोळ्याने फरक कळणारच नाही. म्हणून इंचाच्या किया (आमच्याकडे असंच म्हणतात) रायफलच्या डब्यात ठेवूच नका, त्या वेगळ्या खोलीत राहू देत. टपारियाच्या साध्या किया सुद्धा चालतात, विहा किंवा वेरा घेतल्या तर कडा जास्त वर्षं टिकतात. एका टोकाला गोल बॉल असलेल्या किया येतात, त्या तिरकं घुसवून स्क्रू पटपट फिरवायला छान आहेत, पण शेवटचं कसणं नेहमी सरळ टोकानेच करायचं, बॉलचा भोकाशी स्पर्श फार कमी असतो, जोर दिला की बॉल तरी तुटतो किंवा भोक तरी जातं.

की वापरायची पद्धत पण सांगतो कारण हे कुणी शिकवत नाही. भोकात आधी टूथपिक फिरवून घाण काढायची. धूळ, वाळलेलं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावतात तो गोंद), कोटाचे धागे, काहीही अडकलेलं असतं आणि मग की अर्धीच जाते. की तळापर्यंत गेली हे बोटाला कळलं की मगच फिरवायची, आणि फिरवताना खाली दाब ठेवायचा. छोटे स्क्रू कसताना लांब बाजू भोकात घालून आखूड बाजू दोन बोटांनी धरायची, म्हणजे तुमची ताकद आपोआप मर्यादित राहते. स्टॉक बहुतेक ॲल्युमिनियमचा असतो आणि स्क्रू पोलादाचा, जास्त पिळलात तर स्क्रूला काही होणार नाही, स्टॉकचे आटे जातील. आणि स्टॉकचे आटे गेले की काम महागात जातं.

दुसरी वस्तू टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोराला पोचला की क्लिक करणारा. सगळ्यांनी घ्यायलाच पाहिजे असं माझं मत नाही, घरी एकच रायफल असेल तर क्लबचा वापरा. घ्यायचाच असेल तर सायकलवाल्यांसाठी मिळतो तसला छोटा घ्या, दोन ते दहा न्यूटन मीटरच्या आसपासचा, गाडीच्या चाकाचा मोठा पाना इथे काही कामाचा नाही कारण कुठलाही टॉर्क पाना त्याच्या रेंजच्या अगदी खालच्या टोकाला भरवशाचा नसतो. स्टॉकमध्ये ॲक्शन धरून ठेवणारे जे मोठे स्क्रू असतात त्यांच्यासाठीच हा मुख्यतः लागतो. किती न्यूटन मीटर ते तुमच्या रायफलच्या मॅन्युअलमध्ये असेल तेवढंच, फाइनवर्कबाऊचा आकडा वॉल्थरला लावायचा नाही, अन्शुट्झचा दोघांनाही नाही. क्लिक झालं की थांबायचं, "अजून एक क्लिक खात्रीसाठी" असं करू नका, दुसऱ्या क्लिकला स्क्रू आणखी पुढे जातो. काम झाल्यावर पाना सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवायचा नाहीतर आतली स्प्रिंग थकते.

बाकी सामान किरकोळ. व्हर्निअर कॅलिपर, डिजिटल असेल तर बरं. गोधडीचा तुकडा किंवा रबर मॅट, रायफल टेबलावर घरंगळू नये म्हणून. चंदेरी मार्कर पेन. मास्किंग टेप. छोटं पाणसळ, सुताराकडे असतं त्यातलं सगळ्यात लहान. निळं लॉकटाइट. मऊ सुती फडकं. आणि एक वही, तिच्यावर पुढे येतो. पकड आणि हातोडी डब्यात ठेवायचीच नाही, हाताशी असली की वापरली जाते.

काम सुरू करायच्या आधी, दर वेळी, अगदी फक्त चीक पीस हलवायचा असला तरी, रायफल रिकामी आहे हे उघडून डोळ्याने बघायचं आणि सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) बॅरलमध्ये घालायचा. सिलिंडर काढून बाजूला ठेवला तर आणखी चांगलं. पेलेटचा डबा त्या टेबलावर नकोच. घरात लहान मुलं असतील तर काम संपल्यावर केसला कुलूप. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

आता क्रम. मी स्टॉकपासून सुरू करतो. ॲक्शनचे स्क्रू फॅक्टरीतून कसून आलेले असतात त्यामुळे नवीन रायफलला उगाच खोलू नका, फक्त मॅन्युअलप्रमाणे टॉर्क तपासा. कधी काढावेच लागले तर परत लावताना दोन्ही स्क्रू आधी नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत घ्यायचे, मग आळीपाळीने थोडा हा थोडा तो असं करत शेवटच्या आकड्यावर आणायचे. एक पूर्ण कसून मग दुसरा घेतला तर ॲक्शन वाकडी बसते आणि ताण राहतो.

मग बट. आधी लांबी, मग बट प्लेटची उंची, मग चीक पीस, हा क्रम मोडू नका, कारण लांबी बदलली की डोकं पुढे-मागे जातं आणि चीक पीसची आधीची सगळी मेहनत फुकट जाते. मुलाला शूटिंगचा कोट घालून उभं करा, टी-शर्टवर माप घेऊन काही उपयोग नाही, कोटाची जाडी मापात धरावीच लागते. बट प्लेट खांद्यात बसली की डोकं न वाकवता, मान न ताणता डोळा साइटच्या मागे यायला पाहिजे. तपासायची सोपी पद्धत अशी की मुलाला डोळे मिटून रायफल खांद्याला लावून गाल टेकवायला सांगा, आरामात, मग डोळे उघडायला सांगा. पीपच्या (मागच्या साइटचं बारीक भोक) मध्यात पुढच्या साइटची रिंग दिसली तर चीक पीस बरोबर. वर-खाली दिसली तर चीक पीस हलवा, मुलाचं डोकं हलवू नका. हे पाच-सहा वेळा करा, पहिल्या वेळी मूल मुद्दाम जुळवून घेतं.

वाढत्या वयाच्या मुलांना हे दर दोन-तीन महिन्यांनी परत करावं लागतं, उंची वाढते, हात लांब होतात. इथे वही कामाला येते. ढिलं करायच्या आधी जुन्या जागेवर मार्करची बारीक रेघ मारायची, किंवा मास्किंग टेप लावून तिच्यावर रेघ, कॅलिपरने माप घ्यायचं, मोबाइलवर फोटो काढायचा, आणि तारखेसकट लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बट प्लेट २ मिमी खाली घेतली तर त्या दिवशी बाकी काही नाही, तीनेक सेशन मारून बघायचं. मला माहितीये की मोह होतो, पण एका संध्याकाळी चार गोष्टी बदलल्या तर कशामुळे सुधारलं आणि कशामुळे बिघडलं हे देवालाही सांगता येणार नाही.

आता साइट, आणि इथे जरा वेळ द्या. साइट ज्या रेलवर बसते ती ११ मिमीची डव्हटेल (तिरक्या कडांची पट्टी) असते. रेल आणि साइटचा क्लॅम्प दोन्ही कोरड्या फडक्याने पुसायचे, तेलाचा थेंबही नको, तेलावर क्लॅम्प सरकतो. मागची साइट रेलवर सरकवून डोळा आणि पीप यांच्यात तीन-चार बोटांचं अंतर राहील अशी ठेवायची, पण मोजताना कोट घालून नेहमीच्या पोझिशनमध्ये. जागा ठरली की साइट हाताने पुढे दाबून धरायची आणि तशीच दाबून ठेवत क्लॅम्पचे स्क्रू कसायचे, दोन असतील तर आळीपाळीने. दर वेळी त्याच दिशेला दाबून कसलं की साइट काढून परत लावली तरी बऱ्यापैकी त्याच जागी येते. मग रेलवर आणि साइटवर मिळून एक बारीक रेघ मारून ठेवा, पुढे कधीही नजर टाकली की सरकली का नाही ते लगेच कळतं. पाणसळ इथेच लागतं, रायफल मॅटवर टेकवून सरळ धरायची आणि पुढच्या साइटचा टनेल (रिंग बसते ती नळी) तिरका बसला नाही ना बघायचं.

पुढच्या रिंगची साइझ हा वेगळा विषय आहे पण एक सांगतो, नवीन मुलांना बारीक रिंग देऊ नका. काळा गोल रिंगमध्ये गच्च बसला की मूल परफेक्ट क्षणाची वाट बघत बसतं, होल्ड लांबतो, डोळा थकतो आणि शेवटी ट्रिगर ओढला जातो. काळ्याभोवती पांढरं स्पष्ट दिसलं पाहिजे.

साइटच्या क्लिकबद्दल, नॉबवरचे बाण बघून विश्वास ठेवू नका. काही साइटवर बाण सांगतो की शॉट कुठे पडतोय, काहींवर सांगतो की शॉट कुठे न्यायचाय, दोन्ही तऱ्हेच्या साइट बाजारात आहेत. पाच शॉटचा ग्रुप मारा, दहा क्लिक एका दिशेला द्या, परत पाच मारा, दोन ग्रुपमधलं अंतर कॅलिपरने मोजा, दहाने भागा. एका क्लिकला किती मिमी हे कळलं, दिशा पण कळली. वहीत पहिल्या पानावर लिहा. मॅचच्या आधी तयारी आणि साइटिंगला फक्त १५ मिनिटं मिळतात, तेव्हा हा शोध लावत बसायचं नसतं.

लॉकटाइट कुठे लावायचं, तर जे स्क्रू एकदा बसवले की महिनोन्महिने हलवायचे नाहीत तिथे, उदाहरणार्थ वजनांच्या रॉडचे. निळंच, लाल नको, लाल सोडवायला गरम करावं लागतं आणि रायफल गरम करणं ही कल्पनाच सोडून द्या. टाचणीच्या डोक्याएवढा थेंब पुरे. चीक पीस, बट प्लेट, साइट क्लॅम्प यांना लावू नका कारण ते हलवावे लागतात, आणि ट्रिगरच्या ॲडजस्टमेंट स्क्रूजवळ तर बाटली नेऊ सुद्धा नका. प्लॅस्टिकच्या भागांपासून पण लांब ठेवा, काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात.

वजनं शेवटून दुसरी. रायफल साइटसकट ५.५ किलोच्या वर जाता कामा नये हा नियम आहे, पण लहान मुलांच्या बाबतीत त्या आकड्याच्या जवळ जायची गरजच नाही. तेरा वर्षांच्या पोराला पाच किलो दिलं तर त्याची कंबर जाईल. आधी एकही वजन न लावता महिनाभर मारू द्या.

ट्रिगर सगळ्यात शेवटी. एअर पिस्तूलला किमान ५०० ग्रॅमचा नियम आहे, एअर रायफलला तसा किमान आकडा नाही, म्हणून लोक फुंकर मारली की सुटेल इतका हलका करतात. नवीन मुलाला असा देऊ नका, बोट टेकवायच्या आधीच शॉट जातो आणि मग मूल ट्रिगरलाच घाबरायला लागतं. पाव आट्याच्या पुढे एका वेळी कुठलाही स्क्रू फिरवायचा नाही, किती फिरवला ते लिहायचं. आणि झाल्यावर ही टेस्ट केल्याशिवाय रायफल कुणाच्या हातात द्यायची नाही, पेलेट न घालता रायफल कॉक करा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, बटवर तळहाताने हलके ठोके द्या. ट्रिगर सुटला तर तो फार हलका आहे, परत मागे न्या. दहापैकी एकदा सुटला तरी मागे न्या.

सिलिंडरला पाना कधीच लावायचा नाही, तो हातानेच बसतो आणि हातानेच निघतो, हाताने निघत नसेल तर सर्व्हिसवाल्याकडे न्या. आट्यांना आणि व्हॉल्व्हला घरचं तेल लावू नका, दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. भरायची ती फक्त कोरडी हवा, ऑक्सिजन कधीच नाही, कुणी हॉस्पिटलचा सिलिंडर आणून देतो म्हटलं तरी नाही, यात जीव जाऊ शकतो. बऱ्याच मॅच रायफलींना २०० बार भरतात, पण तुमच्या सिलिंडरवर जो आकडा छापलाय तोच शेवटचा, आणि हळू भरायचं, पटकन भरलं की हवा तापते, गेज २०० दाखवतं आणि तासाभराने बघावं तर खाली आलेलं असतं. सिलिंडरवर बनवल्याची तारीख असते, दहा वर्षं झाली की मॅचमध्ये चालत नाही. जुनी रायफल विकत घेत असाल तर ही तारीख आधी बघा. जोडणी झाल्यावर रात्री गेजचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी परत बघा, लीक असेल तर कळेल.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, घामाच्या बोटांचे ठसे बॅरलवर राहिले तर दोन दिवसात लाल होतात. पुसून, फडक्यावर अगदी पातळ तेल घेऊन बाहेरून एक हात फिरवायचा, डव्हटेल सोडून. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण त्या केसमधल्या फोमखाली दाबू नका.

सगळं झालं की रेंजवर जाऊन लगेच स्कोअर मारायला बसू नका. वीस-पंचवीस शॉट टेकून मारा, ग्रुप बघा. चांगल्या पेलेटने टेकवून मारलेले दहा शॉट बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत साधारण साडेपाच-सहा मिमीत यायला हवेत, पेलेटच साडेचार मिमीचा आहे हे लक्षात ठेवा. फार पसरले तर परत स्क्रू, परत साइट हाताने हलवून बघणं. नवीन जोडलेल्या रायफलचे स्क्रू पहिल्या साठ शॉटनंतर थोडे बसतात, म्हणून पहिल्या पूर्ण सेशननंतर सगळे एकदा तपासायचे, मग आठवड्याने, मग महिन्याने. आमच्या क्लबमध्ये आता प्रत्येक केसच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय, त्याच्यावर स्क्रूंची नावं आणि कीचा नंबर, आणि मॅचच्या आदल्या संध्याकाळी मूल स्वतः एकेक स्क्रू बघून टिक करतं. त्या मुलीच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलंय, मागची साइट, अडीच.